घटक ६ : उपाहारगृहाची ऑनलाइन जाहिरात आणि मराठी भाषा

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

- पारंपरिक जाहिरात आणि ऑनलाइन नोंद यांतील फरक स्पष्ट करता येईल.
- ग्राहकाच्या ‘शोधाची भाषा’ ही संकल्पना उदाहरणांसह सांगता येईल.
- लहान गावातील खानावळीसाठी किंवा उपाहारगृहासाठी मराठीत अचूक नोंद तयार करता येईल.
- पदार्थांचे वर्णन आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तर लिहिता येईल.
- जाहिरातीच्या भाषेमागील नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी विशद करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तपत्र, आकाशवाणी आणि दूरदर्शन या माध्यमांसाठी केलेल्या जाहिरात-लेखनाचा परिचय करून घेतला. या घटकात आपण एका लहान व्यवसायाकडे, म्हणजे गावातील उपाहारगृहाकडे वळणार आहोत. विवेचन नेमके राहावे म्हणून नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तालुक्याचे गाव आपण उदाहरणादाखल घेतले आहे.

भोकर हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानक आहे. कल्याण, अहिल्यानगर, परभणी, नांदेड अशा मार्गाने येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ भोकरवरून पुढे तेलंगणातील भैंसा आणि निर्मल या गावांकडे जातो. त्यामुळे येथील खानावळीत दोन प्रकारचे ग्राहक येतात. एक गावातला किंवा तालुक्यातला. त्याला कोठे काय चांगले मिळते हे ठाऊक असते. दुसरा वाटसरू, त्याला गावातले काहीच ठाऊक नसते. पूर्वी तो पानपट्टीवर विचारी, आता तो भ्रमणध्वनीवर विचारतो. त्या पडद्यावर जे दिसत नाही ते त्याच्या लेखी गावात नसतेच. उत्तम भाकरी करणारी खानावळ शंभर पावलांवर असूनही तो पुढच्या गावाकडे निघून जातो.

या विषयाचा अभ्यास मराठीच्या अभ्यासक्रमात का करावा, अशी शंका आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, ऑनलाइन जाहिरातीचा मोठा भाग तंत्राचा नसून शब्दांचा आहे. नाव कसे लिहावे, व्यवसायाचा प्रकार कोणत्या शब्दाने सांगावा, पदार्थाला काय म्हणावे, नाराज ग्राहकाला कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे, हे सर्व प्रश्न भाषेचे आहेत. शोधणाऱ्याच्या शब्दांत आणि खरे लिहिणे, हे या घटकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ मौखिक कीर्तीकडून लिखित नोंदीकडे

खानावळ हा व्यवसाय दीर्घकाळ मौखिक कीर्तीवर चालला. मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया गिरणी कामगारांना जेवण पुरवीत असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले. त्यांच्या व्यवसायाला फलकाची किंवा वृत्तपत्रातील जाहिरातीची गरज पडत नव्हती. एका चाळीतला कामगार गावाकडून आलेल्या दुसऱ्याला घेऊन येई, आणि त्या ओळखीवरच ताट वाढले जाई.

या व्यवस्थेत शिफारस करणारा आणि शिफारस ऐकणारा एकमेकांना ओळखत होते. ऑनलाइन अभिप्राय ही त्याच शिफारशीची लिखित आवृत्ती आहे. मात्र तिच्यात दोन बदल झाले आहेत. पहिला बदल असा की, बोलणारा अनोळखी असतो. दुसरा असा की, बोललेले विरून जाते, लिहिलेले राहते. तीन वर्षांपूर्वीची तक्रार आजचा वाटसरूही वाचतो. म्हणून मालकाला आपल्या व्यवसायाविषयी स्वतः लिहिणे, आणि इतरांनी लिहिलेले वाचणे, ही दोन्ही कामे करावी लागतात.

६.२.२ शोधाची भाषा

ग्राहक भ्रमणध्वनीवर जे शब्द टंकलिखित करतो किंवा उच्चारतो, त्यांना आपण ‘शोधाची भाषा’ म्हणू. मालकाने लिहिलेले शब्द आणि ग्राहकाचे शब्द जुळले, तरच भेट घडते. येथे भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेल्या चार अडचणी उद्भवतात.

(अ) अर्थभेद : मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि येताना त्याचा अर्थ बदलला. ‘हॉटेलात चहा पिऊ’ असे आपण सहज म्हणतो. आपल्या लेखी हॉटेल ही प्रामुख्याने खाण्याची जागा आहे. ऑनलाइन नकाशावर मात्र ‘हॉटेल’ या वर्गाचा अर्थ मुक्कामाची जागा असा आहे. मालकाने नोंद करताना सवयीने हा वर्ग निवडला, तर त्याची खानावळ खोल्या शोधणाऱ्यांना दिसते आणि जेवण शोधणाऱ्यांच्या यादीत मागे पडते. नावात ‘हॉटेल’ असण्यास हरकत नाही. व्यवसायाचा वर्ग मात्र ‘रेस्टॉरंट’ किंवा त्याचा उपप्रकार असाच असावा.

(आ) समानोच्चार : ‘भोकर’ हे गावाचे नाव आहे, तसेच ते एका झाडाचे आणि त्याच्या फळाचेही नाव आहे. या फळाचे लोणचे घरोघरी घालतात. त्यामुळे ‘भोकर’ आणि खाद्यपदार्थ असे दोन्ही शब्द एकत्र शोधले की लोणच्याच्या पाककृती समोर येण्याचा संभव असतो. शिवाय या नावाची गावे राज्यात अन्यत्रही आहेत. यावर उपाय साधा आहे : पत्त्यात आणि वर्णनात ‘भोकर, जिल्हा नांदेड’ असे पूर्ण लिहावे, आणि बसस्थानक, रेल्वे स्थानक, महामार्ग यांपैकी जवळची खूण द्यावी.

(इ) बोलीभेद आणि भाषाभेद : मराठवाड्यात न्याहारीला मिळणारा मुरमुऱ्यांचा ‘सुशीला’ पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला माहीत नसतो. ‘निलंगा राईस’ हे नाव लातूर जिल्ह्याबाहेर सर्वांना कळेलच असे नाही. अशा वेळी स्थानिक नाव गाळू नये. त्याच्या शेजारी चार शब्दांचा खुलासा द्यावा. ‘सुशीला – भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणीची न्याहारी’ एवढे पुरते. भोकर तेलंगणाच्या सीमेजवळ असल्याने तेलुगू भाषक प्रवाशांचाही विचार करावा लागतो. आपली अंबाडी म्हणजेच त्यांचा ‘गोंगुरा’, आणि आपली ज्वारीची भाकरी म्हणजेच त्यांची ‘जोन्न रोट्टे’. हे दोन शब्द नोंदीत आले, तर सीमेपलीकडून येणाऱ्याला ताट ओळखीचे वाटते.

(ई) लिपी : ग्राहक मराठी शब्द कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत लिहितो. म्हणून नाव दोन्ही लिप्यांत नोंदविण्याची सोय असेल तेथे ती वापरावी, आणि रोमन लिपीतील वर्णलेखन सर्वत्र एकच ठेवावे. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या संचांत टंकलिखित केलेला मजकूर छापखान्यात सुबक दिसतो. परंतु तो तसाच भ्रमणध्वनीवर नेला की अक्षरांची निरर्थक रांग उरते. तसेच पदार्थांच्या यादीचे केवळ छायाचित्र टाकण्यावर विसंबू नये. पदार्थांची नावे अक्षरांत लिहिलेली असतील, तर ती शोधात सापडण्याची शक्यता अधिक असते.

६.२.३ नोंदीचे घटक

गूगलची व्यवसाय-नोंद विनामूल्य असते. २०१४ साली ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने सुरू झालेली ही सेवा २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या नावाने ओळखली जाते. स्थानिक शोधात कोणती नोंद वर दिसावी हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल सांगते : शोधाशी समर्पकता, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. या क्रमासाठी पैसे स्वीकारले जात नाहीत. सशुल्क जाहिरात ही वेगळी बाब असून ती जाहिरात म्हणूनच दाखविली जाते. ‘पैसे द्या, पहिल्या क्रमांकावर आणतो’ असे म्हणणाऱ्यापासून मालकाने दूर राहावे.

नोंद करताना पुढील बाबी तपासाव्यात.

१. नाव – दुकानाच्या फलकावर आहे तेच लिहावे. नावाला ‘भोकरमधील सर्वोत्तम थाळी’ अशी शेपटी जोडणे नियमबाह्य असून त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. महाराष्ट्रात २०२२ च्या सुधारणेनंतर सर्व दुकाने व आस्थापनांना मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक आहे. ऑनलाइन नाव त्याच फलकाशी जुळले, की वाटसरूला दारात उभे राहून शंका येत नाही.

२. स्थान – नकाशावरील खूण प्रत्यक्ष दारावर आहे का, हे स्वतः चालून पाहावे. खूण मागच्या गल्लीत पडली, तर मोठे वाहन घेऊन आलेला ग्राहक परत येत नाही.

३. वेळ – न्याहारी आणि जेवण यांच्या वेळा, साप्ताहिक सुटी आणि सणांचे बदल नोंदवावेत. ‘उघडे आहे’ असे वाचून आलेल्या ग्राहकाला बंद दार दिसले, तर त्याचा विश्वास कायमचा जातो.

४. दूरध्वनी – जो उचलला जातो तोच क्रमांक द्यावा.

५. छायाचित्रे – दर्शनी भाग, बसण्याची जागा आणि प्रत्यक्ष वाढलेले ताट यांची असावीत. दुसऱ्याच्या ताटाचे चित्र लावू नये.

६. मालकी – नोंद मालकाच्या स्वतःच्या खात्यावर असावी. पुतण्याने किंवा एखाद्या मध्यस्थाने आपल्या खात्यावर नोंद केली आणि तो पुढे गाव सोडून गेला, तर वेळ बदलण्याइतकी साधी दुरुस्तीही अवघड होते. मदत करणाऱ्याने मालकाच्या समक्ष नोंद करावी आणि ती वापरायला शिकवून मगच काम संपले असे मानावे.

६.२.४ पदार्थवर्णनाची भाषा

आता एक कल्पित उदाहरण पाहू. भोकर बसस्थानकाजवळ ‘अबक भोजनालय’ आहे असे समजा. त्याच्यासाठी दोन वर्णने लिहिली आहेत.

*वर्णन १ :* “अप्रतिम चव, उत्कृष्ट सेवा, मराठवाड्यातील नंबर एकचे ठिकाण. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल!”

*वर्णन २ :* “भोकर बसस्थानकापासून पायी पाच मिनिटांवर. शाकाहारी जेवण. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी; हंगामात अंबाडीची भाजी. सकाळी ७ ते ११ सुशीला, पोहे, चहा. जेवण दुपारी ११.३० ते ३.३० आणि सायंकाळी ७ ते १०. मोठ्या गाडीसाठी जागा आहे. सोमवारी बंद.”

पहिल्या वर्णनातील एकही शब्द केवळ याच भोजनालयाविषयी नाही. ते नाव बदलून कोणत्याही गावात चालेल. दुसऱ्या वर्णनात विशेषणे जवळजवळ नाहीत, नामे आणि संख्या आहेत. ग्राहक ‘अप्रतिम’ हा शब्द शोधत नाही. तो ‘ज्वारीची भाकरी’ शोधतो. म्हणून पदार्थवर्णनात नामाला पहिला मान द्यावा. पदार्थाचे नाव, त्यातील मुख्य घटक, तिखटपणा, ताटात काय काय येते आणि किंमत या क्रमाने लिहिल्यास वर्णन सहसा पूर्ण होते. शेंगदाण्यासारखा एखाद्याला न चालणारा घटक असेल, तर तो स्पष्ट नमूद करावा.

६.२.५ अभिप्राय आणि उत्तर

अभिप्रायाला दिलेले उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी जेवढे असते, त्याहून अधिक ते पुढे वाचणाऱ्या अनोळखी ग्राहकासाठी असते. समजा, एका ग्राहकाने लिहिले : “ताटासाठी अर्धा तास थांबलो, वर भाकरीही गार होती.”

*अयोग्य उत्तर :* “तुम्ही खोटे बोलत आहात. आमच्याकडे भाकरी गरमच मिळते.”

*योग्य उत्तर :* “आपणांस थांबावे लागले आणि भाकरी गार मिळाली, याबद्दल दिलगीर आहोत. बाजाराच्या दिवशी दुपारी गर्दी होते आणि त्या वेळी आमची माणसे अपुरी पडली. आता त्या दिवशी भाकरीसाठी आणखी एक बाई कामावर घेतली आहे. पुन्हा यावे, ही विनंती.”

योग्य उत्तराचे चार भाग दिसतात : तक्रारीचा नेमका उल्लेख, दिलगिरी, कारण आणि केलेली सुधारणा. सुधारणा प्रत्यक्ष केली असेल तरच ती लिहावी. ‘आपण’ हे आदरार्थी सर्वनाम शेवटपर्यंत टिकवावे. अर्ध्यावर ‘तुम्ही’ आले की राग डोकावतो. आरोप खरोखर चुकीचा असला, तरी आपली बाजू एकदाच आणि शांतपणे मांडावी.

नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेणे, किंवा चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात चहा फुकट देणे, हे दोन्ही गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांविषयी आयएस १९००० हे मानक २०२२ साली प्रसिद्ध केले आहे. अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, याची तत्त्वे त्यात दिली आहेत.

६.२.६ मध्यस्थ मंच आणि थेट संपर्क

घरपोच जेवण देणारे मंच हा ऑनलाइन विपणनाचा दुसरा मार्ग आहे. झोमॅटोचा प्रारंभ २००८ साली ‘फूडीबे’ या नावाने झाला. स्विगी २०१४ साली बेंगळुरूत सुरू झाली. अशा मंचामुळे नवा ग्राहक मिळतो. परंतु प्रत्येक मागणीवर मंच मालकाकडून कमिशन घेतो. केवळ हिशेब समजण्यासाठी कमिशन २५ टक्के आहे असे गृहीत धरू. १२० रुपयांच्या थाळीमागे ३० रुपये मंचाकडे जातील आणि ९० रुपये मालकाच्या हाती येतील. थाळीचा खर्च ८० रुपये असेल, तर ४० रुपयांचा नफा १० रुपयांवर येतो. त्यात सवलतीचा भार मालकावर पडला, तर विक्री वाढूनही तोटा होऊ शकतो. करार वाचल्याशिवाय मंचावर जाऊ नये, असे म्हणतात ते यासाठीच. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये या दोन्ही मंचांच्या व्यवहाराच्या चौकशीचा आदेश दिला, ही बाबही येथे लक्षात घ्यावी.

लहान गावात थेट संपर्काचा मार्ग अधिक स्वस्त पडतो. २०१८ साली आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या उपयोजनात पदार्थांची यादी, वेळ आणि पत्ता ठेवता येतो. मासिक डबा घेणारे शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि विद्यार्थी यांना सकाळी ‘आजची भाजी’ कळविणारा एक संदेश पुरेसा असतो. मात्र ग्राहकाची संमती घेऊनच संदेश पाठवावा, आणि दिवसातून एकापेक्षा अधिक पाठवू नये.

६.२.७ जाहिरात हे वचन असते

भाषाविज्ञानात जे. एल. ऑस्टिन यांनी असे दाखवून दिले की, काही वाक्ये केवळ माहिती देत नाहीत, ती कृती करतात. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे हीच वचन देण्याची कृती होय. पदार्थयादीतील शब्दांकडे या दृष्टीने पाहावे. ‘गावरान कोंबडी’, ‘चुलीवरची भाकरी’, ‘घरचे तूप’, ‘शुद्ध शाकाहारी’ ही वरवर विशेषणे दिसतात; प्रत्यक्षात ती वचने आहेत. गॅसवर भाजलेल्या भाकरीला ‘चुलीवरची’ म्हणणे हे वचनभंगाचे उदाहरण ठरते. ‘शुद्ध शाकाहारी’ या शब्दांवर तर अनेकांच्या व्रताची आणि श्रद्धेची भिस्त असते.

कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या असून ती वस्तूंप्रमाणेच सेवांनाही लागू आहे. या अधिनियमानुसार जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून देयकावर चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे आवश्यक आहे. हा क्रमांक ऑनलाइन नोंदीतही दिल्यास अनोळखी ग्राहकाचा विश्वास वाढतो. कोणत्याही विशेषणापेक्षा हे चौदा अंक अधिक बोलतात.

६.३ सारांश

खानावळीची मौखिक कीर्ती आता लिखित नोंदीत आणि अभिप्रायांत उतरली आहे. ग्राहकाच्या शोधाची भाषा ओळखणे ही ऑनलाइन जाहिरातीची पहिली पायरी होय. त्यासाठी अर्थभेद, समानोच्चार, बोलीभेद आणि लिपी यांचे भान हवे. नाव, स्थान, वेळ आणि पदार्थ यांची अचूक माहिती हा नोंदीचा गाभा आहे. वर्णनात विशेषणांपेक्षा नामांना महत्त्व द्यावे, अभिप्रायांना आदराने उत्तर द्यावे आणि मंचाचे कमिशन हिशेबात धरावे. लिहिलेला प्रत्येक शब्द ताटात उतरला पाहिजे. सुशीला, अंबाडी, ज्वारीची भाकरी हे शब्द आपण मराठीत नीट लिहिले नाहीत, तर उद्याच्या वाटसरूला ते शोधूनही सापडणार नाहीत. ते लिहिण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे आहे.

६.४ शब्दार्थ

- *नोंद* – ऑनलाइन नकाशावर किंवा सूचीत दिलेली व्यवसायाची माहिती.
- *अभिप्राय* – ग्राहकाने अनुभवावरून लिहिलेले मत.
- *मंच* – ग्राहक आणि विक्रेता यांना जोडणारी ऑनलाइन व्यवस्था.
- *समर्पकता* – शोधलेल्या शब्दांशी माहिती जुळण्याचे प्रमाण.
- *युनिकोड* – विविध लिप्यांतील अक्षरांसाठी ठरविलेली जागतिक संकेतप्रणाली.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. स्थानिक शोधातील नोंदींचा क्रम कोणत्या तीन गोष्टींवर ठरतो?
२. ‘हॉटेल’ या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ कोणता?
३. अंबाडीला तेलुगू भाषेत काय म्हणतात?

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. मौखिक शिफारस आणि ऑनलाइन अभिप्राय यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘पदार्थयादीतील विशेषण हे वचन असते’ या विधानाची चर्चा करा.

(इ) टीप लिहा : शोधाची भाषा.

६.६ उपक्रम

आपल्या गावातील एका खानावळीला भेट द्या. मालकाच्या संमतीने तिची ऑनलाइन नोंद तपासा आणि नाव, वर्ग, स्थान, वेळ, लिपी व पदार्थ या सहा मुद्द्यांवर आढळलेल्या त्रुटी लिहा. साठ शब्दांपर्यंतचे नवे वर्णन तयार करा. ते प्रथम मालकाला आणि स्वयंपाक करणाऱ्यांना वाचून दाखवा. ‘हे आपल्याकडे खरोखर मिळते का?’ असे विचारा, आणि त्यांच्या उत्तरानुसार वर्णनात दुरुस्ती करा.